दोन आवाजांची जपमाळ

परळीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं मला पहिलाच प्रश्न विचारला, "टीचर, तू घोरते का?"

पाटोद्याहून एस.टी.त कंबर मोडून घेत, दोन बॅगा ओढत मी आलेली. कॉलेजात शिकवायची नवी नोकरी, नवं गाव. म्हटलं, हे काय विचारणं झालं? पण नाही म्हणाले. "मग ठीक हाय," बाई म्हणाल्या. "अप्पा लई घोरतात. अजून एक घोरणारं घरात आलं तर मी येडी हुईन." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आत निघून गेल्या. मी तिथंच उभी. बाई दिसायला पार चीन-जपानकडच्या, अंगात फुलाफुलांचा गाऊन, त्यावर नर्सबाया लावतात तसं उलटं घड्याळ टाचलेलं, आणि बोली मात्र आमच्या धान्याच्या मोंढ्यातल्या हमालाची!

त्या होत्या फिलिपिन्सच्या. आखातात एका दवाखान्यात नर्स होत्या. तिथंच परळीच्या एका लिंगायत किराणा व्यापाऱ्याचा मुलगा इलेक्ट्रिशियन होता, त्याच्याशी लग्न झालं. पुढं तो बोटीवर लागला आणि वर्षातले दहा महिने समुद्रात राहू लागला. इकडं त्याचे वडील, म्हणजे अप्पा, न्हाणीत घसरले आणि खुबा मोडला. तेव्हा या बाई नोकरी सोडून सासऱ्याला बघायला परळीत आल्या, दोन महिन्यांसाठी. मी खोली घेतली तेव्हा त्या दोन महिन्यांना चार वर्षं झाली होती. गल्ली त्यांना माघारी 'मनिला' म्हणायची आणि तोंडावर वहिनी. मीही वहिनीच म्हणायला लागले.

मराठी त्या अप्पांकडून आणि भाजीबाजारात शिकल्या होत्या. त्यामुळे कुणाशी कसं बोलावं याचा काही पाचपोच नव्हता. आमचे प्राचार्य एकदा कसले तरी कागद द्यायला दारात आले, तर वहिनी त्यांना म्हणतात, "कावून बे, उभा कावून? चहा घे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. प्राचार्यांनी मुकाट्यानं चहा घेतला. पुढं ते मला दर आठवड्याला विचारायचे, घरमालकीणबाई बऱ्या आहेत ना म्हणून.

पहिल्याच संध्याकाळी दिवेलागणीला मला खालून दोन बायकांचे आवाज ऐकू आले. एक आवाज बारीक, भरभर काहीतरी म्हणायचा. दुसरा जाड, जरा ओढत, त्याला उत्तर द्यायचा. अर्धा-पाऊण तास हे चालायचं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, त्यांच्या मुलखातली कुणी मैत्रीण रोज येत असेल. ही मैत्रीण येताना-जाताना कधी दिसत कशी नाही, या विचारानं माझं डोकं उठलं. मला अशा गोष्टी सुटत नाहीत, स्वभावच मेला तसा आहे. आठव्या दिवशी विरजण मागायच्या निमित्तानं मी त्या वेळेला खाली गेले.

समोरच्या खोलीत वहिनी एकट्याच बसलेल्या. हातात जपमाळ. समोर फळीवर त्यांचा देव. एक ओळ त्या बारीक आवाजात म्हणत, मग मान जराशी डावीकडं वळवत आणि पुढची ओळ जाड आवाजात. पुन्हा मान सरळ, आवाज बारीक. मी वाटी हातात धरून बघतच राहिले.

संपल्यावर त्यांनी मला बसवलं. "आमच्याकडं ही प्रार्थना एकटीनं म्हणत न्हाईत, टीचर. एक जण म्हणतो, बाकी लोक मागं म्हणतात. अर्धी त्याची, अर्धी लोकांची. गावात आमच्या घरी माझी आई म्हणायची, मागं पन्नास जण. हितं लोक कुठून आणू? म्हणून लोक पण मीच." आणि खदखदून हसल्या. मग लगेच म्हणाल्या, "तू म्हणते का मागं? सोपं हाय. शेवटी तर फक्त तीन शब्द."

मी म्हटलं, पेपर तपासायचेत. जून महिना होता, कसले पेपर असणार? खरं कारण असं की मी भ्याले. कुणी ऐकलं तर? पाटोद्याला माझ्या आईच्या कानावर गेलं तर? पोरगी परळीला गेली आणि बाटली, असं म्हणायला लोकांना किती वेळ लागतो? वहिनींना कळलं असणार. त्यांनी वाटीत विरजण घातलं आणि म्हणाल्या, "बरं. पेपर तपास."

तरी त्या दिवशी त्या एक गोष्ट बोलल्या, ती माझ्या मनातून कधी गेली नाही. त्यांची आई तिकडं गावात, ऐंशीच्या पुढची, छातीच्या दुखण्यानं बेजार. "रोजचं चालतं गं. देवाला माहीत हाय मी खोटा आवाज काढते. त्याला पण हसू येत असंल. पण आई गेली ना, तर तिच्यासाठी नऊ दिवस म्हणावं लागतं. लेकरं जिथं असतील तिथं, आपापल्या घरी. लोक मागं म्हणतात तेव्हा ते तिला पोचतं. मेलेल्या आईसाठी मी खोटे लोक उभे करू का? तू सांग." मी म्हटलं, तुमची आई शंभर वर्षं जगेल. "तिला पण तसंच वाटतं," वहिनी म्हणाल्या आणि माळ डबीत ठेवली.

अप्पा पडद्यापलीकडच्या खोलीत कॉटवर असायचे. खुबा जुळला, पण चालणं काठीनं चार पावलं, तेवढंच. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, सकाळी कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर लिंग ठेवून पूजा. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. सुनेला ते हाक मारत 'सिस्टर'. दवाखान्यात असताना तोंडात बसलं ते बसलं. वहिनी आल्या तेव्हाच त्यांनी करार करून टाकला होता, तो मला त्यांनी स्वतःच सांगितला. "मी म्हनलं सिस्टरला, तुझा देव माझ्या घरात ऱ्हाऊ दे. माझं काई म्हननं न्हाई. पन मला त्यात वढायचं न्हाई. मी शंकराचा मानूस." वहिनींनी तो करार कधी मोडला नाही. रोज माळ घेण्याआधी त्या मधला पडदा सरकवायच्या. आणि शेवटचा शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच आतून हाक यायची, "झालं का सिस्टर? चहा टाक."

वैजनाथाशी मात्र वहिनींचं छान जमलं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं की हा वैद्यांचा नाथ. झालं! "म्हणजे तुमचा देव डॉक्टर हाय. मला चालतो." सोमवारी काकूंबरोबर जायच्या, पायऱ्यांवर उभं राहून हात जोडायच्या आणि मोठ्यानं विचारायच्या, "डॉक्टर ड्यूटीवर हाय का?" समोरच्या घरातल्या या काकू म्हणजे आमच्या गल्लीच्या पुढारी. शिवमंदिरातल्या बायकांचं भजन त्याच चालवायच्या, टाळ त्यांच्याच घरी असायचे. त्या वहिनींना गप्प करायला जायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या.

फळीवरचा देव म्हणजे बाळ येशू. हातभर उंचीचा, डोक्यावर मुकुट, अंगात राजाचा झगा. थर्मलच्या वीजकेंद्राची राख परळीत कुणाला चुकत नाही, त्यालाही चुकायची नाही. वहिनी रोज सकाळी मऊ ब्रशनं त्याचा झगा झटकायच्या आणि त्याला दटावायच्या, "परत काळा झाला. कुठं फिरून आला?" तो फिरतो यावर त्यांचा पक्का विश्वास. त्यांच्या गावात म्हणे देव पहाटे उठून शेतातून हिंडून येतो, आजाऱ्यांना बघतो, सकाळी त्याच्या झग्याला कुसळं चिकटलेली असतात. म्हणून देवाला बूट पाहिजेत, आणि बूट झिजले की नवे पाहिजेत.

बाळकृष्णाचे कपडे शिवणारा आमचा एक म्हातारा शिंपी होता, त्याच्याकडं मी त्यांच्याबरोबर गेलते. लाल मखमलीचा झगा त्यानं हौसेनं शिवला, जरीची किनार पदरची लावली. बूट म्हटल्यावर मात्र त्यानं कात्री खाली ठेवली. "देवाच्या पायात बूट? आनि ते घालून देव्हाऱ्यात? न्हाई जमायचं आपल्याला."

"तुमचा देव कुठं जात न्हाई का?" वहिनींनी विचारलं.

"आमच्या देवाला कुठं जायची गरजच न्हाई. लोक येतात."

"आमच्या गावात म्हातारे लोक येऊ शकत न्हाईत. म्हणून तो जातो. चिखलात अनवाणी जाऊ का तो?"

शिंप्यानं जरा विचार केला. आठ दिवसांनी त्यानं काळ्या रेक्झीनचे दोन बोटभर बूट आणून दिले, आत मऊ कापड लावलेलं. वर म्हणतो कसा, पाऊस हाय म्हनून जरा उंच केलेत.

सप्टेंबर उजाडला की वहिनींचा नाताळ सुरू व्हायचा. हे मला आधी खरं वाटेना, पण त्यांच्या देशात म्हणे तसंच असतं, चार महिने आधीपासून. त्या बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद घेऊन बसायच्या आणि मोठी चांदणी करून दारात टांगायच्या. नेमके तेव्हा गणपतीचे दिवस. येणारे-जाणारे विचारायचे, वहिनी, दिवाळीला टाइम हाय ना अजून? गल्लीतल्या गणपतीच्या पोरांनी एकदा तीच चांदणी उसनी नेऊन मांडवात लावली. वहिनींचा ऊर भरून आला. आरतीला पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि शब्द येत नसताना सगळ्यांच्या मागं ओढत राहिल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, "बघितलं टीचर? किती लोक मागं म्हणतात!" त्यांच्या आवाजात असा हेवा होता की मी पायरीवरून उठून वर निघून गेले.

म्हातारं माणूस दिसलं की त्याचा हात धरून आपल्या कपाळाला लावायचा, ही आणखी एक खोड. त्यांच्याकडचा नमस्कार तो. बाजारात मेथी विकणाऱ्या एका आजीचा हात त्यांनी असा धरला तर आजी घाबरून हात सोडवायला लागली, "अगं मातीचा हाय, मातीचा हाय!" वहिनी कपाळाला माती लावून तशाच घरी आल्या. अप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "आता शोभली माझ्या घरची. भस्मच लावल्यावानी दिसतंय."

पण गल्लीची आणि त्यांची खरी गाठ पडली ती गुड फ्रायडेच्या दिवशी. हे माझ्या पहिल्या वर्षातलं. उन्हाळा मी म्हणत होता. वहिनींनी आदल्या दिवशीच स्वैपाक करून ठेवलेला. त्या दिवशी देवावर जांभळं कापड टाकलं, अंगात काळा झगा घातला, केस मोकळे सोडले आणि भिंतीला टेकून बसल्या. झाडू नाही, चूल नाही, बोलणं नाही. दुपारी तीनला देव मरतो, तो रविवारी पहाटे उठेपर्यंत जगात देवच नसतो, म्हणून जपून राहायचं, हसायचं नाही, प्रवास करायचा नाही, अशी त्यांची शिस्त. मी कॉलेजात होते, गल्लीला हे सांगणार कोण?

काकूंनी समोरून बघितलं. चूल थंड, बाई काळ्या कपड्यात, केस सोडलेले, हाकेला ओ नाही, डोळे लाल. आणि नवरा बोटीवर! काकूंच्या काळजाचं पाणी झालं. बोट बुडाली, आणखी काय?

मी चार-साडेचारला आले तर दारात चपलांचा ढीग. आत दहा-बारा बाया डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे कडू घास घेऊन जातात. तसं पिठलं-भाकरी टोपल्यात आणलेलं. एक म्हातारी गळा काढून रडत होती. मधोमध वहिनी बसलेल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, आनंद होता. एवढी माणसं देवाचं सुतक पाळायला आली, असं त्यांना वाटलेलं! त्या म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "हळू रडा आजी. पण रडा. चांगलं हाय."

काकूंनी डोळे पुसले आणि जवळ सरकून विचारलं, "वहिनी, बॉडी कवा येनार हाय?"

"रविवारी," वहिनी म्हणाल्या. "पहाटे उठनार."

"उठनार? कोन उठनार?"

"देव."

"अगं बाई, पन गेलं कोन?"

"देवच की! तीन वाजता."

मग पडद्याआडून अप्पांचं हसणं आलं, ठसका लागेपर्यंत. काकू आधी लालबुंद झाल्या. "आमचं काळीज फाटलं की वो! मानूस बोटीवर हाय तुमचा!" म्हणाल्या आणि मग एकदम पदर तोंडात धरून हलायला लागल्या. रडणारी म्हातारी तेवढी रडतच राहिली, तिला कमी ऐकू यायचं. भाकरीचं काय करायचं म्हणून विचारलं तर वहिनी म्हणतात, आज माझा उपास. शेवटी ते टोपलं माझ्याकडं आलं आणि मी दोन दिवस पिठलं खाल्लं. गंमत अशी की दुसऱ्या वर्षी काकू त्या दिवशी आपणहून आल्या, डोक्यावर पदर घेऊन, पाच-सहा बाया सोबत. मी हसायला लागले तर मलाच दटावलं. "हसती काय? त्यांच्या घरचा देव गेलाय. कुनीतरी भेटायला जाया पायजेच की."

त्याच वर्षी श्रावणात अप्पांच्या छातीत कफ झाला. न्यूमोनिया. दवाखान्यातून घरी आणलं, ऑक्सिजनचं मशीन कॉटशेजारी. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नळीतून भरवायचं, रात्रंदिवस वहिनींच्या घड्याळावर सगळं चाललेलं. परळीत वीज तयार होते आणि परळीतूनच जाते, तर मशीनसाठी इन्व्हर्टर, तोही त्यांनीच बसवून घेतलेला. अप्पा जरा सावरले, नळी निघाली, तोंडानं पेज घ्यायला लागले. आणि एका दुपारी वहिनींच्या भावाचा फोन आला.

फोन ठेवून त्यांनी आधी अप्पांना कुशीवर वळवलं, चारचं औषध दिलं, चार्टवर लिहिलं. मग जिना चढून माझ्याकडं आल्या. "टीचर, आई गेली."

मी त्यांना धरलं. त्या रडल्या नाहीत. मी म्हटलं, तुम्ही जा. मी आहे, काकू आहेत, आम्ही बघू अप्पांना. आम्ही खाली आलो तर अप्पांनी ऐकलेलं होतं. मास्क बाजूला करून ते म्हणाले, "सिस्टर, तू जा. मी काई नऊ दिवसात मरत न्हाई."

"तुमचा भरोसा न्हाई," वहिनी म्हणाल्या आणि मास्क जागेवर बसवला. "पोरगा तुमचा दर्यात हाय. कफ कोण काढनार? टीचर?" खरंच होतं, मला रक्त बघूनही चक्कर येते. अप्पांनी पुन्हा काही बोलायला हात वर केला, तो त्यांनी खाली दाबून धरला. "ड्यूटी," एवढंच म्हणाल्या. अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी वहिनींनी फोन फळीला टेकवून ठेवला. तिकडं त्यांच्या घरात सगळे जमलेले, फुलं, मेणबत्त्या, पोरंबाळं. त्यांच्याबरोबर म्हणायचं ठरलं होतं. पण नेटचं काय सांगावं? वहिनी एक ओळ म्हणायच्या आणि तिकडून उत्तर यायचं ते त्या पुढच्या दोन ओळींवर गेल्यावर. आवाजांचा नुसता काला झाला, मग चित्र गोठलं. त्यांनी फोन पालथा घातला. माळ घेतली. बारीक आवाजात पहिली ओळ म्हणाल्या. मग मान डावीकडं वळवली, तोंड उघडलं, आणि आवाज काही निघाला नाही.

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली. मला सगळं दिसत होतं. तीन शब्दांचं काम होतं, ते दोन वर्षं मी टाळलं होतं, आणि त्या क्षणीही माझा पाय पुढं पडला नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही पडला. शिकलेली बाई मी, पोरांना गणित शिकवते, आणि लोक काय म्हणतील म्हणून जिन्यात बसून राहिले.

तेवढ्यात काकू आल्या, मागं बाया, टोपल्यात कडू घास. या वेळी कोण गेलं ते विचारावं लागलं नाही. टोपलं ठेवून काकू वहिनींशेजारी बसल्या, त्यांच्या हातातली माळ बघितली, उघडं तोंड बघितलं. आयुष्यभर भजन चालवलेली बाई. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मागं काय म्हनायचं ते सांगा वहिनी."

बायांतली एक कुजबुजली, "काकू, त्येंच्या देवाचं हाय वो ते."

"देवाचं न्हाई, तिच्या आईचं हाय," काकू म्हणाल्या. "मागं कुनी धरलं न्हाई तर पुढचीनं गावं कसं? सांगा वहिनी."

वहिनींनी सांगितलं. इपानालांगिन मो शा. मरियमचं, म्हणजे येशूच्या आईचं, एकेक नाव घ्यायचं, पन्नासेक असतात, आणि प्रत्येक नावामागं मरियमला एवढंच म्हणायचं, तिच्यासाठी, म्हणजे गेलेल्या आईसाठी, देवाकडं शब्द टाक. काकूंनी दोनदा घोकलं. मी जिना उतरून खाली आले आणि त्यांच्या मागं बसले. कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. इतके दिवस मी कुणाला भीत होते, कोण जाणे.

आठ दिवस असं चाललं. भजनाच्या बाया त्या, गळे तयार, तिसऱ्या दिवशीच मागं म्हणण्याला चाल लागली. वहिनी पुढं म्हणायच्या, आम्ही मागं. पडदा रोज सरकवलेला, पलीकडं मशीनची घरघर. या आठ दिवसांत संपल्यावर चहाची हाक काही आली नाही. वहिनींच्या डोळ्यांत मात्र एक टिपूस नव्हता. कडक इस्त्रीच्या कापडासारख्या बसायच्या, झालं की उठून अप्पांचं औषध.

नवव्या दिवशी त्यांनी गोडाचं केलं. तांदळाचे नारळ घातलेले केक, केळीच्या पानावर भाजलेले. एक ताट आईसाठी वेगळं वाढून फळीवर ठेवलं. खोली भरलेली, काही जणी ओसरीत. प्रार्थना झाली, नावं सुरू झाली. आम्ही मागं म्हणत होतो.

"तोरे नि डाविद."

"इपानालांगिन मो शा."

"बाहाय ना गिंतो." सोन्याचं घर. मला एव्हाना काही नावांचे अर्थ माहीत झाले होते.

"इपानालांगिन मो शा."

पुढचं नाव आलं नाही. मी मान वर केली. वहिनी त्या ताटाकडं बघत होत्या. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले, आणि मग त्यांचे खांदे असे हलायला लागले की माळ हातातून सुटून खाली पडली. नऊ दिवसांचं रडू एकदम आलं होतं. काकूंनी त्यांना जवळ घेतलं. त्यांना काही आवाज फुटेना. आम्ही एवढ्या बाया, आणि आम्हाला येत होते ते तीन शब्द. पुढचं नाव कोणाला माहीत? शेवटचा दिवस, थोडीशीच नावं राहिलेली, आणि ती तशीच राहणार. वहिनींनाही ते कळत होतं. रडता रडता त्या हातानं हवेत काहीतरी धरू बघत होत्या, आणि मला ते बघवेना.

"काबान नांग तिपान."

आवाज पडद्याआडून आला. खरखरीत, धापा टाकत. आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघायला लागलो. कुणीच मागं काही म्हटलं नाही.

"अगं म्हना की मागं!" आतून अप्पा खेकसले.

आम्ही म्हटलं.

"पिंतो नांग लांगित." एक श्वास. "स्वर्गाचं दार, व्हय ना सिस्टर?"

वहिनी ताडकन उठल्या. पडदा बाजूला सारला. अप्पा उशीला टेकून अर्धवट उठून बसलेले, मास्क गळ्यात, चांदीच्या डबीवर लोंबत होता. सहा वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी ते पडद्याआडून ऐकलं होतं, पुढचंही आणि मागचंही, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"अप्पा, मास्क लावा!"

"बस खाली," अप्पा म्हणाले. "तुझं ऱ्हाऊ दे. मी म्हनतो म्होरं. तू मागं म्हन."

वहिनी तिथंच उभ्या राहिल्या. मग मागं फिरल्या आणि काकूंच्या नि माझ्या मधे, आम्हा बायांत, खाली बसल्या.

"तालांग मालिवानाग," अप्पा म्हणाले.

आणि वहिनींनी आमच्याबरोबर मागं म्हटलं.